ग्वाल्हेरचा खचलेला रस्ता आणि छायाचित्रांची साक्ष

ग्वाल्हेर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिंद्यांची ही राजधानी. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेला ‘लष्कर’ हा तिचा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो आणि तिथल्या जुन्या वाड्यांतून अजूनही मराठी ऐकू येते. २०२५च्या पावसाळ्यात मात्र या शहराचे नाव देशभर गाजले ते एका रस्त्यामुळे. चेतकपुरी भागातील नवा कोरा रस्ता पहिल्याच पावसात खचला. तो बुजवला, पुन्हा खचला, आणि पंधरवड्याच्या आत हे अनेकदा घडले. रस्त्यावर सुमारे १८ कोटी रुपये खर्च झाल्याचे वृत्तांत म्हटले होते. डांबराचा पृष्ठभाग वरून शाबूत आणि खाली बोगद्यासारखी पोकळी, अशी दृश्ये भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांनी टिपली आणि ती घराघरांत पोचली. प्रशासनाला चौकशी लावावी लागली.

या घटनेत एक विसंगती आहे, आणि ती केवळ ग्वाल्हेरपुरती नाही. ज्या राज्यात हा रस्ता खचला, त्याच मध्य प्रदेशाने रस्त्यांच्या देखरेखीसाठी छायाचित्रांचा वापर इतर अनेक राज्यांच्या आधी आणि अधिक पद्धतशीरपणे सुरू केला होता. तंत्र हाताशी होते, नागरिकांच्या हाती कॅमेरा होता आणि अभियंत्यांच्या हाती संगणकीय प्रणाली होती. तरीही रस्ता खचला. मग छायाचित्रांवर आधारलेली ही नवी तपासणी नेमके काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, हा प्रश्न गोमंतकीयांनीही स्वतःला विचारायला हवा. आपल्याकडेही दर पावसाळ्यात हीच दृश्ये दिसतात आणि उत्तर म्हणून असेच एखादे ‘ॲप’ पुढे केले जाते.

‘लोकपथ’ आणि सात दिवसांची मुदत

मध्य प्रदेशच्या लोकनिर्माण खात्याने, म्हणजे आपल्याकडच्या साबांखाच्या समकक्ष खात्याने, जुलै २०२४ मध्ये ‘लोकपथ’ हे ॲप सुरू केले. मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याची रचना साधी आहे. नागरिकाने खड्ड्याचे छायाचित्र काढून ॲपवर टाकायचे. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात आणि रस्ता ज्याच्या अखत्यारीत येतो त्या अभियंत्याकडे तक्रार जाते. सात दिवसांत दुरुस्ती करून त्याने त्याच जागेचे नवे छायाचित्र टाकायचे. तक्रारदाराला ते पाहता येते.

या रचनेची उपयुक्तता नाकारता येणार नाही. ‘तमक्या चौकापुढे, फलाण्या दुकानाजवळ’ असा मोघम पत्ता सांगण्याची आणि ‘जागा सापडली नाही’ असे उत्तर ऐकण्याची वेळ आता येत नाही. तक्रार केव्हा आली आणि केव्हा निकालात निघाली, याची नोंद राहते. वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात बसणाऱ्यांना याचे मोल चांगले कळते. पावसाळ्यात वाचकांकडून खड्ड्यांची छायाचित्रे येतात, पण त्यांतील निम्म्यांवर ठिकाण नसते, तारीख नसते, आणि काही तर गेल्या वर्षीची असतात. ठिकाण आणि वेळ यांच्याशिवाय छायाचित्र म्हणजे केवळ तक्रारीचा सूर. ही दोन्ही जोडली गेली की ते पुरावा ठरू शकते.

परंतु या ॲपच्या मर्यादाही त्याच्या रचनेतच आहेत. पहिल्या टप्प्यात ते लोकनिर्माण खात्याच्या ताब्यातील रस्त्यांपुरते होते. शहरातल्या माणसाला मात्र दारापुढचा रस्ता खात्याचा की महापालिकेचा, हे ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची अपेक्षाही रास्त नाही. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. सात दिवसांची मुदत ही खड्डा बुजविण्याची मुदत आहे. तो का पडला, हे शोधण्याची नव्हे. खडी-डांबर टाकून वरून रोलर फिरवला की सातव्या दिवशीचे छायाचित्र निर्दोष येते आणि तक्रार निकालात निघते. विसाव्या दिवशी तोच खड्डा पुन्हा उघडला, तर ती नवी तक्रार ठरते. प्रणालीच्या हिशेबात दोन तक्रारी आल्या आणि दोन्ही मुदतीत सुटल्या. रस्त्याच्या हिशेबात मात्र एकच काम दोनदा फसले. जुलै २०२५ मध्ये याच राज्याच्या लोकनिर्माण मंत्र्यांनी, रस्ते आहेत तोवर खड्डेही राहणार, अशा आशयाचे विधान केले आणि त्यावर टीकेची झोड उठली. मंत्र्यांचे बोलणे अशोभनीय होते खरे. पण खड्डे मोजणे आणि बुजविणे एवढ्यावरच थांबणारी व्यवस्था नकळत तेच तर मान्य करत असते.

कॅमेऱ्याला काय दिसते?

डांबरी रस्ता म्हणजे केवळ वरचा काळा थर नव्हे. तळाशी दाबून घट्ट केलेली माती, तिच्यावर खडीचे थर आणि सर्वांत वर डांबरमिश्रित खडी अशी त्याची उतरंड असते. वाहनांचा भार वरचा थर पेलत नाही, तो केवळ खाली पोचवतो. खरा भार खालचे थर पेलतात. चेतकपुरीसारखा रस्ता खचतो तेव्हा दोष बहुधा वरच्या थरात नसतो. जलवाहिनी वा गटारासाठी चर खणला, वाहिनी टाकली आणि माती थराथराने दाबून न भरता एकदम लोटली, तर आत पोकळी राहते. पावसाचे पाणी तिच्यात शिरते, माती वाहून नेते आणि एके दिवशी वरचा थर आधाराविना खाली बसतो. काम पूर्ण झाल्या दिवशी अशा रस्त्याचे छायाचित्र काढले, तर ते अत्यंत देखणे येईल.

डांबरीकरणातही तेच. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक निकषांनुसार सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण रस्त्यावर पसरताना किमान १४० अंश सेल्सियस तापमानाचे असावे लागते आणि ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी त्यावरील रोलरचे काम संपावे लागते. मिश्रण लांबून आणताना निवले, तर ते नीट दाबले जात नाही, आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि पहिल्याच पावसात पाणी त्यांत शिरते. पण निवलेले मिश्रण आणि गरम मिश्रण छायाचित्रात सारखेच काळे दिसते. थराची जाडी, घनता आणि डांबराचे प्रमाण यांचेही तसेच. ती तपासायची तर रस्त्याला भोक पाडून नमुना काढावा लागतो आणि प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

याचा अर्थ कॅमेरा निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. तडे, खड्डे, उखडलेली खडी, चाकोरीत बसलेला रस्ता हे सारे कॅमेऱ्याला उत्तम दिसते, आणि ते माणसापेक्षा अधिक वेगाने दिसते. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मोटारीत बसवलेल्या साध्या स्मार्टफोनने टिपलेल्या नऊ हजारांहून अधिक छायाचित्रांचा संच प्रसिद्ध केला. रस्त्यावरचे तडे आणि खड्डे संगणकाने स्वतः ओळखावेत, यासाठी तो होता. पुढे त्यात भारतातील रस्त्यांचीही छायाचित्रे आली. आपल्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २३ राज्यांतील २०,९३३ किलोमीटर महामार्गांची पाहणी लेझर, कॅमेरे आणि जीपीएस बसवलेल्या वाहनांनी करण्याचे ठरवले आहे. चालू प्रकल्पांचे दर महिन्याला ड्रोनद्वारे चित्रीकरण करणे तर २०२१ पासूनच बंधनकारक आहे. रस्ता वरून कसा बिघडत आहे, हे सांगायला ही साधने समर्थ आहेत. तो आतून कसा बांधला गेला, हे सांगण्यासाठी छायाचित्र योग्य वेळी, म्हणजे वरचा थर चढण्याआधी, काढलेले असावे लागते.

देयकाशी जोडलेले छायाचित्र

हे भान मध्य प्रदेशाला नव्हते असे नाही. ग्रामीण रस्त्यांच्या बाबतीत त्याच राज्याने देशाला एक चांगला धडा घालून दिला आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. ग्वाल्हेरमध्ये २५ डिसेंबर १९२४ रोजी जन्मलेल्या अटलबिहारी वाजपेयींच्या पंतप्रधानपदाच्या काळातली ही योजना. तिच्या कंत्राटात रस्ता बांधल्यावर पुढील पाच वर्षांची देखभालही कंत्राटदाराच्याच गळ्यात असते. अडचण अशी होती की देखभाल कागदावरच होत असे. मध्य प्रदेशात यासाठी ‘ई-मार्ग’ नावाची संगणकीय प्रणाली विकसित झाली आणि पुढे केंद्राने ती देशभर स्वीकारली. यात अभियंता रस्त्याची ठरावीक काळाने पाहणी करतो, ठिकाणाची नोंद असलेली छायाचित्रे टाकतो, रस्त्याला गुण देतो, आणि कंत्राटदाराचे देयक त्या गुणांवर ठरते.

‘लोकपथ’ आणि ‘ई-मार्ग’ यांतला फरक इथेच आहे. पहिल्यात छायाचित्र तक्रारीशी जोडलेले आहे, दुसऱ्यात पैशांशी. तक्रार निकालात निघाली की कंत्राटदाराला काहीच गमवावे लागत नाही. देयक अडकले की त्याला जाग येते.

अर्थात छायाचित्र पैशांशी जोडले की ते खोटे करण्याचा मोहही त्याच प्रमाणात वाढतो. रोजगार हमी योजनेचा अनुभव ताजा आहे. कामावरील मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा ठिकाणासह छायाचित्र काढून नोंदवणे १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की या प्रणालीचा गैरवापर होत आहे. असंबद्ध छायाचित्रे टाकली जात होती, इतकेच नव्हे तर जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढून ते चढवले जात होते. रस्त्यांच्या बाबतीत असे होणार नाही, असे मानण्याला काही आधार नाही. भ्रमणध्वनीवर खोटे ठिकाण दाखवणे आज कुणाही होतकरू तरुणाला जमते.

तपासनीस बाहेरचा नेमला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. २०१६ मध्ये मुंबईत रस्त्यांच्या कामांतील कथित घोटाळ्याचा तपास सुरू झाला, तेव्हा पोलिसांनी अटक केलेल्यांत कामाचा दर्जा तपासण्यासाठी नेमलेल्या त्रयस्थ संस्थांचे कर्मचारीही होते. त्याच मुंबईत नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने आव्हान दिले होते की ॲपवर कळवलेला खड्डा २४ तासांत बुजला नाही तर तक्रारदाराला ५०० रुपये मिळतील. मात्र खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा, अशी अट होती. उपक्रमाची चर्चा झाली, काही खड्डे वेगाने बुजलेही. पण आठवडाभराच्या बक्षिसाने रस्त्याचा दर्जा बदलत नाही, हे पुढच्या पावसाळ्यांनी दाखवून दिले.

गोव्यासाठी बोध

आता आपल्या अंगणात पाहू. ग्वाल्हेरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या तिपटीहून अधिक गोव्यात पडतो. म्हणजे जे दोष तिथे उघडे पडतात, ते इथे अधिक लवकर उघडे पडणार. पणजीत स्मार्ट सिटीच्या कामांच्या काळात मलनिस्सारण वाहिन्यांसाठी रस्ते खणले गेले आणि बुजवलेल्या चरांत ट्रक रुतण्याचे प्रकार आपण पाहिले. चेतकपुरीचे दृश्य आपल्याला नवे नव्हते ते यामुळेच. जानेवारी २०२४ मध्ये अशाच कामासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः पणजीत फिरून कामांची पाहणी केली. अहवाल आणि छायाचित्रे न्यायालयापुढे येतच असतात; तरीही न्यायमूर्तींना प्रत्यक्ष जागेवर जावेसे वाटले, यातून काय घ्यायचे ते सुज्ञांनी घ्यावे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या सरकारने खराब रस्त्यांबद्दल कंत्राटदारांबरोबरच साबांखाच्या अभियंत्यांनाही कारणे दाखवा नोटिसा बजावल्या. खड्डे बुजविण्यासाठी जेट पॅचर यंत्रेही आणली गेली. हे सारे आवश्यक होते. पण नोटीस टिकायची असेल तर पुरावा लागतो, आणि रस्त्याचा पुरावा रस्त्याखाली गाडलेला असतो. काम चालू असतानाची छायाचित्रे नसतील, तर ‘अतिवृष्टीमुळे रस्ता खराब झाला’ हे उत्तर खोडून काढणे कठीण जाते.

म्हणून गोव्यात छायाचित्राधारित देखरेख आणायची असेल, आणि ती आणायलाच हवी, तर तिची सुरुवात खड्ड्यापासून न होता चरापासून व्हावी. वाहिनी टाकल्यावर मातीचा प्रत्येक थर भरताना, शेजारी मोजपट्टी धरून, ठिकाण आणि वेळ नोंदवून छायाचित्र काढले जावे. हॉटमिक्स अंथरताना तापमापकाचा आकडा त्यात दिसावा. ही छायाचित्रे असल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये आणि ती खात्याच्या कपाटात न राहता संकेतस्थळावर सर्वांना पाहता यावीत. आपल्या वाड्यावरच्या रस्त्याचे काम रात्री झाले की दिवसा, पावसात झाले की उन्हात, हे गावकऱ्याइतके कुणाला ठाऊक असणार? छायाचित्र खोटे असेल तर ते ओळखणारा तोच पहिला.

दुसरी गोष्ट मोजणीची. किती तक्रारी सुटल्या हा आकडा प्रसिद्ध करण्याऐवजी एकाच जागी किती वेळा खड्डा पडला, हा आकडा प्रसिद्ध व्हावा. प्रत्येक छायाचित्राला अक्षांश-रेखांश असल्यामुळे ही मोजणी संगणकाला क्षणाचे काम आहे. एका हंगामात एकाच ठिकाणी दोनदा डागडुजी करावी लागली, तर तिथे आपोआप खोदून तपासणी व्हावी, नमुना प्रयोगशाळेत जावा आणि दोष सिद्ध झाल्यास दोषदायित्वाच्या मुदतीत कंत्राटदाराच्या खर्चाने पूर्ण तुकडा नव्याने केला जावा. ही मुदत कधी संपते, हे रस्त्याकडेच्या फलकावर ठळक लिहिलेले असावे. आज ते शोधायला माहिती हक्काचा अर्ज करावा लागतो.

तिसरी गोष्ट न्यायाची. छायाचित्रांवर आधारलेल्या तक्रारी ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि वेळ आहे, त्यांच्याच भागातून अधिक येतात. अमेरिकेतील बोस्टन शहराने २०१२च्या सुमारास भ्रमणध्वनीद्वारे रस्त्यावरील धक्के नोंदवण्याचा प्रयोग केला, तेव्हा हाच धोका पुढे आला होता की सधन वस्त्यांतले खड्डे अधिक दिसतील आणि गरीब वस्त्यांतले दिसणारच नाहीत. आपल्याकडे किनारपट्टीतून रोज दहा छायाचित्रे येतील. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांतून एखादे येईल, तेही नेटवर्क मिळाले तर. तक्रार आली नाही म्हणजे रस्ता चांगला, असा निष्कर्ष काढणारी प्रणाली अन्याय्य ठरेल. तिथे कॅमेरा बसवलेले वाहन खात्यानेच ठरावीक काळाने पाठवावे आणि पंचायतीत तोंडी सांगितलेली तक्रारही ॲपवरच्या तक्रारीइतकीच ग्राह्य धरली जावी.

जबाबदारीचे नाव

हा विषय केवळ सोयीचा नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्याच आकडेवारीनुसार खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत २०२२ साली देशात १,८५६ माणसे मेली. २०२३ मध्ये हा आकडा २,१६१ वर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे वा उघड्या गटारांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, आणि ती रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. त्यातील निर्देश महाराष्ट्रातील यंत्रणांना उद्देशून आहेत. पण गोवाही याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो, हे आपल्या यंत्रणांनी विसरू नये.

अशी वसुली करायची तर दोषी कोण, हे ठरवावे लागेल. तो चर कुणी भरला, त्यावर सही कुणी केली, देयक कुणी मंजूर केले, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री हवीत. छायाचित्राचा खरा उपयोग तिथे आहे. त्याने खड्डा बुजत नाही, रस्ता मजबूतही होत नाही. त्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे नाव मात्र त्याच्याशी जोडता येते. ते नाव जोडण्याची सरकारची तयारी आहे का, यावर सारे अवलंबून आहे. नसेल, तर आणखी एका ॲपचे लोकार्पण होईल, पहिल्या महिन्यात सुटलेल्या तक्रारींचा आकडा जाहीर होईल आणि पुढच्या आषाढात त्याच वळणावर, त्याच खड्ड्यात, कुणाच्या तरी दुचाकीचे पुढचे चाक पुन्हा जाईल.